सातबाऱ्याची तिरकी रेघ आणि हार्ड डिस्कची नोंदवही

सातबारा उताऱ्याची प्रत संगणकावर उतरवून घेऊन ती ‘७/१२’ याच नावाने बाह्य हार्ड डिस्कवर साठवू गेल्यास विंडोज प्रणाली ते नाव स्वीकारत नाही. फाइलीच्या नावात न चालणाऱ्या नऊ चिन्हांची यादी ती समोर ठेवते आणि त्या यादीत तिरकी रेघ असते. यवतमाळ जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत पीककर्जापासून वाटणीपर्यंत ज्या कागदावाचून काम अडते, त्याचे नावच संगणकाला वर्ज्य असावे, याचे मूळ पन्नास वर्षांपूर्वीच्या एका संकेतात आहे. युनिक्स या प्रणालीच्या कर्त्यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी एका फोल्डरचे नाव दुसऱ्यापासून तोडण्यासाठी तिरकी रेघ निवडली, त्यामुळे ‘७/१२’ याचा संगणकी अर्थ ‘७ नावाच्या फोल्डरातील १२ नावाची फाइल’ असा होतो. मायक्रोसॉफ्टच्या डॉस प्रणालीत ही रेघ आज्ञांना पुरवणी सूचना जोडण्यासाठी आधीच खर्ची पडलेली होती, म्हणून १९८३ साली तिच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा उलट्या बाजूला झुकलेली रेघ वापरात आली, आणि पुढे दोन्ही रेघा नावांतून कायमच्या बाद झाल्या. मॅकच्या पडद्यावर मात्र ‘७/१२’ हे नाव बिनदिक्कत चालते, कारण तिथे जुन्या काळी तोडणीचे चिन्ह अपूर्णविराम हे होते.

फाइल साठवताना येणाऱ्या अडचणींपैकी बऱ्याच अडचणी अशाच, म्हणजे डिस्क बिघडल्याच्या नव्हे तर नोंदीचे नियम न जुळल्याच्या असतात. पडद्यावरचा संदेश मात्र हा भेद क्वचितच स्पष्ट करतो, आणि मग दुकानातून ‘फॉरमॅट मारा’ हा सल्ला मिळतो. फॉरमॅट करणे म्हणजे नोंदवही फाडून कोरी वही घालणे होय. वहीतला रकाना अरुंद आहे की जमीनच खचली आहे, हे न तपासता केलेला हा उपाय पुष्कळदा अनावश्यक आणि कधीकधी घातक ठरतो.

हार्ड डिस्कवरील जागा सारख्या आकाराच्या तुकड्यांत विभागलेली असते. महसुली भाषेत त्यांना गट म्हणता येईल. कोणती फाइल कोणत्या गटांत आहे, तिचे नाव काय आणि आकारमान किती, याची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेला फाइल सिस्टिम म्हणतात, आणि तिचा सर्वांत पसरलेला प्रकार म्हणजे फॅट. तो १९७७ साली मायक्रोसॉफ्टमधील मार्क मॅकडोनाल्ड यांनी बिल गेट्स यांच्याशी चर्चा करून रचला. गेट्स यांचे नाव घरोघरी गेले, मॅकडोनाल्ड यांचे नाव संगणकाच्या पाठ्यपुस्तकांतही अभावानेच आढळते, वास्तविक जगातील बहुतेक पेन ड्राइव्ह आणि कॅमेऱ्यांची कार्डे आजही त्यांच्या आराखड्याच्या वंशजांवर चालतात. डॉसच्या काळात या नोंदवहीत फाइलीच्या आकारमानासाठी चार बाइटांचा, म्हणजे बत्तीस द्विमान अंकांचा रकाना ठेवला गेला, आणि त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५ ही आहे. १९८१ साली आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाबरोबर आलेल्या फ्लॉपीवर १६० किलोबाइट मावत. त्या हिशेबाने हा रकाना भरायला सव्वीस हजारांवर फ्लॉप्या लागल्या असत्या, त्यामुळे तो तोकडा पडेल अशी शंका कोणाला आली नाही, यात नवल नाही. १९९६ साली आलेल्या फॅट३२ मध्ये गटांच्या तक्त्यातील रकाने रुंद झाले, पण आकारमानाचा रकाना होता तेवढाच राहिला.

त्याचा फटका आज लग्नाच्या व्हिडिओला बसतो. सेकंदाला शंभर मेगाबिट या वेगाने, म्हणजे साडेबारा मेगाबाइट दर सेकंदाला, असे चित्रण केले तर चार गिगाबाइटांची ही मर्यादा पावणेसहा मिनिटांच्या आत गाठली जाते, एवढ्यात मंगलाष्टकेही संपत नाहीत. फॅट३२ पद्धतीच्या कार्डावर लिहिणारे कॅमेरे म्हणून चित्रणाचे आपोआप तुकडे पाडतात, आणि संपादक ते तुकडे जोडून तीन तासांची एकच फाइल तयार करतो. ती फाइल घरच्या टीव्हीला चालावी म्हणून फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या डिस्कवर जात नाही. डिस्कवर आठशे गिगाबाइट मोकळे दिसत असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश येतो. डिस्क निर्दोष असते, जागाही असते, आकडा लिहायला रकाना तेवढा नसतो. विंडोजची फॉरमॅटची खिडकी बत्तीस गिगाबाइटांपेक्षा मोठ्या डिस्कला फॅट३२ देत नसे, हा आणखी एक कोडे वाटणारा नियम. तो निसर्गाचा नसून १९९० च्या दशकात ती खिडकी लिहिणाऱ्या डेव्ह प्लमर या अभियंत्याने त्या वेळच्या अंदाजाने घातलेला होता, आणि ही कबुली त्यांनीच पुढे दिली. या अडचणीवरचा आजचा उतारा म्हणजे २००६ साली आलेली एक्सफॅट पद्धत; तिचा तांत्रिक तपशील मायक्रोसॉफ्टने २०१९ साली खुला केल्यापासून लिनक्समध्येही तिची सोय झाली आहे.

रकाना जसा अरुंद असतो तशी वहीची पानेही मोजकी असतात. फॅट३२ च्या एका फोल्डरात पासष्ट हजार पाचशे छत्तीसपेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. इंग्रजी आठ अक्षरांचे जुन्या वळणाचे नाव एका ओळीत बसते, परंतु देवनागरी नावाला त्या ओळीशिवाय दर तेरा चिन्हांमागे आणखी एक ओळ लागते, आणि इथे चिन्ह म्हणजे डोळ्यांना दिसणारे अक्षर नव्हे. ‘जिल्हा’ या शब्दात डोळ्यांना दोन अक्षरे दिसतात. संगणक त्यात ज, वेलांटी, ल, हलन्त, ह आणि काना अशी सहा चिन्हे मोजतो. चाळीस चिन्हांच्या नावाला अशा प्रकारे पाच ओळी लागतात, आणि जुनी कागदपत्रे स्कॅन करून, प्रत्येकाला गाव, गट क्रमांक आणि वर्ष असे सविस्तर मराठी नाव देऊन एकाच फोल्डरात टाकत गेल्यास सुमारे तेरा हजार फाइलींनंतर ते फोल्डर नवी फाइल घेणे थांबवते. डिस्क रिकामी असताना आलेली ही अडवणूक बिघाडासारखीच भासते; गावागणिक वेगळे फोल्डर केले की ती नाहीशी होते. लिनक्सच्या प्रचलित पद्धतीत नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे मराठी नावाला पंचाऐंशी चिन्हांवर पूर्णविराम. विंडोजवरील अनेक प्रोग्राम तर फोल्डरांसकट संपूर्ण पत्ताच २६० चिन्हांत बसावा असा आग्रह धरतात. ‘जुना संगणक’, त्यात ‘डेस्कटॉप’, त्यात ‘नवीन फोल्डर’, त्यात पुन्हा ‘नवीन फोल्डर’ अशी उतरंड बाह्य डिस्कवर हलवताना ही मर्यादा केव्हा ओलांडली जाते ते कळतही नाही.

मराठीपुरती एक वेगळीच गंमत ‘ऱ्य’ या जोडाक्षरात दडलेली आहे. ‘सातबाऱ्या’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिता येतो: स्वतंत्र ‘ऱ’ हे चिन्ह घेऊन, साध्या ‘र’खाली नुक्ता देऊन, किंवा ‘र’ला हलन्त लावून त्यापुढे शून्य रुंदीचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह टाकून. तिन्हींचे छापील रूप एकच दिसते, पण विंडोजच्या नोंदवहीत ती तीन निरनिराळी नावे असतात. उलट मॅकची १९९८ ची फाइल सिस्टिम पहिल्या प्रकारचे रूपांतर आपण होऊन दुसऱ्यात करीत असे. अशा दोन संगणकांमध्ये फिरलेल्या डिस्कवर ‘सातबाऱ्याची प्रत’ नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी बसलेल्या आढळतात, शोध घेतल्यास एक सापडते आणि दुसरी सापडत नाही, आणि या प्रकाराला कोणताही त्रुटी-संदेश नाही.

नाव, आकार आणि ओळी सांभाळल्यावरही मधेच वीज जाण्याचा किंवा केबल उपटली जाण्याचा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर समजायला तलाठी कार्यालयाइतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. जमिनीची खरेदी झाली की नवे नाव थेट सातबाऱ्यावर चढत नाही. ते आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत लिहिले जाते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि त्यानंतर सातबारा बदलतो. यामुळे काम कोणत्याही टप्प्यावर थांबले तरी गोंधळ होत नाही: फेरफार प्रमाणित असेल तर सातबाऱ्यावरचा बदल पुरा करता येतो, नसेल तर जुना सातबारा शाबूत असतो. १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आलेली एनटीएफएस ही फाइल सिस्टिम याच रीतीने चालते. बदल करण्यापूर्वी ती तो एका वेगळ्या रोजनाम्यात टिपते, आणि वीज परतल्यावर रोजनामा वाचून पुरी झालेली कामे तडीस नेते व अर्धवट राहिलेली रद्द करते. फॅट आणि एक्सफॅट यांच्यापाशी असा रोजनामा नाही. तिथे नोंद थेट ‘सातबाऱ्यावर’ होते, आणि ती अर्ध्यावर तुटली तर गट राखलेले पण मालकाचे नाव नसलेले, अशी बेवारस जमीन उरते. डिस्क तपासल्यावर ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरात जे अनोळखी तुकडे जमा झालेले दिसतात, ते हेच.

आधी टिपा आणि मग बदला, या तत्त्वाला काटेकोर रूप देणाऱ्यांमध्ये एका भारतीय शास्त्रज्ञाचे नाव अग्रभागी आहे, आणि ते भारतातच पुरेसे घेतले जात नाही. तमिळनाडूत वाढलेले, आयआयटी मद्रासमध्ये रासायनिक अभियांत्रिकी शिकलेले सी. मोहन १९८१ साली आयबीएमच्या सॅन होजे येथील संशोधनशाळेत रुजू झाले, आणि १९९२ साली त्यांनी सहकाऱ्यांसह ‘एरीज’ ही पुनःप्राप्तीची पद्धत प्रसिद्ध केली. बँकांच्या व्यवहारांपासून फाइल सिस्टिमपर्यंत तिचा ठसा उमटलेला आहे. ही संशोधनशाळा रेनॉल्ड जॉन्सन यांनी १९५२ साली सुरू केलेल्या प्रयोगशाळेतून वाढली, आणि त्याच प्रयोगशाळेत १९५६ ची पहिली हार्ड डिस्क तयार झाली होती. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्यांच्या त्या यंत्रावर सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. तबकड्यांना लावायचा लोहयुक्त रंग पायमोज्यातून गाळून, कागदी पेल्यातून फिरत्या तबकडीवर ओतला जाई, म्हणजे तो सर्वत्र सारखा पसरे. डिस्कचे लोखंड आणि नोंदीचे शिस्तशास्त्र अशा रीतीने एकाच घराण्यात जन्मले.

रोजनाम्याची मर्यादाही सांगणे आवश्यक आहे. एनटीएफएसचा रोजनामा नावे, आकार आणि गट यांची नोंद जपतो, फाइलीतील मजकूर जपत नाही; फेरफारामुळे जमिनीचा हक्क शाबूत राहतो, उभे पीक वाचत नाही. शिवाय मॅक ही पद्धत वाचतो पण तिच्यावर लिहीत नाही, त्यामुळे तिथे ‘फक्त वाचनासाठी’ असे उत्तर मिळाले तर दोष डिस्कचा नसतो. ज्या डिस्कचा संबंध विंडोजशीच येणार आहे तिला एनटीएफएस आणि जी अनेक प्रकारच्या यंत्रांना जोडायची आहे तिला एक्सफॅट देणे योग्य, मात्र एक्सफॅटच्या डिस्कला ‘सुरक्षितपणे काढा’ ही आज्ञा दिल्याविना केबलला हात लावू नये. ‘कॉपी पूर्ण’ असे दिसले तरी मजकुराचा शेवटचा भाग संगणकाच्या स्मृतीत रेंगाळत असू शकतो.

खऱ्या बिघाडांत पहिला संशय विजेचा घ्यावा. यूएसबीच्या दुसऱ्या पिढीतील खाच ५०० आणि तिसऱ्या पिढीतील खाच ९०० मिलिअँपिअर प्रवाह देण्यास बांधील असते. फिरती तबकडी सुरू होताना तिला जास्त ओढ लागते, आणि स्वस्तातल्या हबवर किंवा लांब केबलवर ती पुरी झाली नाही की डिस्क साठवता साठवता गायब होते. केबल बदलून, डिस्क थेट संगणकाच्या मागच्या खाचेत लावून पाहणे हा बिनखर्चाचा तपास आहे. दुसरा संशय उन्हाळ्याचा. अनेक बाह्य डिस्कच्या माहितीपत्रकांत ५ ते ३५ अंश सेल्सिअस ही वापराची मर्यादा दिलेली असते आणि यवतमाळात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या घरात जातो. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली लाखाहून अधिक डिस्कच्या अभ्यासात उष्णतेचा संबंध समजला जातो तेवढा घट्ट नसल्याचे दाखवले, पण त्या डिस्क थंड ठेवलेल्या दालनांतल्या होत्या, पत्र्याखालच्या खोलीतल्या नव्हत्या. त्याच अभ्यासातील दुसरे दोन निष्कर्ष अधिक उपयोगी आहेत. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिला दोष आढळलेली डिस्क पुढील साठ दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट निघाली. आणि बंद पडलेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कच्या स्वयंतपासणीतील चार प्रमुख निर्देशकांनी आधी काहीच सांगितले नव्हते. ‘डिस्कची प्रकृती उत्तम’ असे हिरवे चिन्ह दाखवणाऱ्या प्रोग्रामांवर किती भिस्त ठेवावी, हे त्यावरून ठरवता येते. अतिस्वस्त किमतीत सोळा टेराबाइट देऊ करणाऱ्या डिस्कविषयी तर एवढेच पुरे की, अशा अनेक डब्यांत आकड्याची खोटी नोंद केलेले छोटेसे कार्ड निघते, आणि ते भरल्यानंतरच्या फाइली साठल्यासारख्या दिसतात, उघडत नाहीत.

डिस्कमधून ठरावीक अंतराने टकटक आवाज येत असेल, किंवा तीच ती फाइल वाचताना संगणक दर वेळी थिजत असेल, तर दुरुस्तीची आज्ञा चालवू नये आणि फॉरमॅटही करू नये, कारण दोन्हींमुळे जीर्ण पृष्ठभागावर नवे लिखाण होते. आवाज करणारी डिस्क तत्काळ बंद करावी, थिजणाऱ्या डिस्कवरील महत्त्वाच्या फाइली आधी दुसरीकडे उतरवाव्यात आणि तपासणी त्यानंतर करावी. उताऱ्याच्या फाइलीला ‘७-१२’ किंवा अक्षरी ‘सातबारा’ असे नाव द्यावे. ही दोन्ही नावे विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही ठिकाणी चालतात.