यार्डात लावलेले इंजिन आणि गळके सेल

१४ एप्रिलच्या जयंतीला आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नातवासाठी आगगाडी आणली. लाल इंजिन, मागे दोन डबे, जोडून गोल करायचे प्लॅस्टिकचे रूळ आणि इंजिनाच्या पोटात दोन पेन्सिल सेल. आबा रेल्वेत गँगमन होते. उन्हापावसात रूळ सांभाळण्यात त्यांचे आयुष्य गेले. नातवाच्या हातात इंजिन देताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो आम्ही सर्वांनी पाहिला.

उन्हाळ्याची सुट्टी त्या गाडीने गाजवली. जूनमध्ये शाळा सुरू झाली, गाडी खोक्यात गेली आणि खोके कपाटावर. पुढे अशोक विजयादशमीला पाहुणे आले, पोरे जमली, खोके खाली उतरले. कळ सरकवली तर इंजिन हलेना. झाकण उघडले. आत पांढरी पूड साचलेली, स्प्रिंग हिरवट पडलेली आणि एक सेल जागीच चिकटून बसलेला. पोराचे डोळे भरून आले.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "नजर लागली बाई. सगळी पोरं टक लावून बघत होती ना!" आमचे हे म्हणाले, "स्वस्तातला माल असाच. टाकून दे." आबांनी मात्र चष्मा लावला, इंजिन उजेडात धरले आणि म्हणाले, "नजर नाही आणि मालही वाईट नाही. ड्यूटी संपल्यावर गाडी यार्डात लावली, पण आत काय राहिलं ते कुणी बघितलं नाही. चूक आपली आहे."

कारणावाचून काही घडत नाही, ही तथागतांची शिकवण बाबासाहेबांनी आपल्या हाती दिली. ती वंदनेपुरती ठेवायची नसते. घरातले घड्याळ, टॉर्च, रिमोट, पोराचे इंजिन बंद पडले तरी आधी कारण शोधावे. ते कारण काय आणि त्यावर उपाय काय, हे वाचक बंधू-भगिनींसमोर मांडते.

सेल गळतो म्हणजे काय?

बाजारात पेन्सिल सेल मुख्यतः दोन जातींचे मिळतात. एक साधा, म्हणजे झिंक-कार्बनचा. त्याचे मूळ फ्रान्सच्या जॉर्ज लक्लांशे यांनी १८६६ साली तयार केलेल्या सेलमध्ये आहे. यात बाहेरचा जस्ताचा डबा हाच सेलचा एक भाग असतो. वीज तयार होताना हे जस्त झिजत जाते. डबा आतून पातळ होतो, शेवटी त्याला भोक पडते आणि आतला आंबट गुणाचा ओलावा बाहेर येतो. म्हणजे जो डबा रस सांभाळतो तोच खर्ची पडतो. म्हणून हा सेल संपला की फार दिवस आत ठेवू नये.

दुसरी जात अल्कलाइनची. हा महाग असतो, पण जास्त काळ चालतो. याचा डबा पोलादाचा असतो आणि जस्ताची भुकटी आत असते. तिच्याबरोबर पोटॅशियम हायड्रॉक्साइड नावाचा तीव्र क्षार असतो. सेल पडून राहिला किंवा संपल्यानंतरही वापरला गेला, की आत हायड्रोजन वायू तयार होतो. दाब वाढला की सेल फुटू नये म्हणून तळाशी ठेवलेली झडप मोकळी होते आणि वायूबरोबर क्षारही बाहेर पडतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग होऊन पांढरी पूड बनते. आमच्या इंजिनात दिसली ती हीच. ती स्प्रिंग आणि पत्र्यावर चढते, त्यांना खाते आणि विजेची वाट बंद करते. मोटार चांगली असते, इंजिन मात्र मेल्यासारखे पडून राहते.

इंजिनालाच हा रोग जास्त का?

पुण्यात कोथरूडला १९९८ साली छोट्या रेल्वेचे एक संग्रहालय सुरू झाले. पुष्कळांनी मुलांना तिथे नेले असेल. अशा मोठ्या मांडणीत गाड्यांना वीज बहुधा रुळांतून मिळते, त्यामुळे इंजिनात सेल ठेवावा लागत नाही. आपल्या घरच्या खेळण्यातले इंजिन मात्र आपली शिदोरी पोटात घेऊन फिरते.

भिंतीवरचे घड्याळ फार थोडी वीज खाते. इंजिनाची मोटार भरपूर खाते. ते पलंगाखाली जाऊन कपाटाच्या पायाला अडकले आणि चाके जाम झाली, तर मोटार नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते. पोरगा जेवायला गेलेला असतो आणि सेल आत तापत असतो. चाकाच्या दांड्याला केस आणि दोरे गुंडाळले गेले तरी तोच प्रकार. शिवाय ज्या इंजिनांत शिट्टी आणि दिवा असतो, त्यांतल्या काहींत कळ बंद असली तरी थोडी वीज झिरपत राहते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे एक नवा आणि एक जुना सेल घालणे. दोन सेल म्हणजे एका जुवाचे दोन बैल. एक ताजा आणि एक दमलेला असला तर ताजा दमलेल्याला फरफटत नेतो. तसाच नव्या सेलचा प्रवाह संपलेल्या सेलमधून जबरदस्तीने जातो. त्यात तो उलटा भरू लागतो, आत वायू होतो आणि तो गळतो. काटकसर म्हणून आपण एक सेल वाचवतो आणि इंजिन घालवतो.

घरात पाळायचे नियम

१. खेळ आठवडाभर बंद राहणार असेल तर सेल काढून ठेवा. परीक्षा, पावसाळा, गावाला जाणे, काहीही कारण असो. हा एक नियम पाळला तरी बरेचसे नुकसान टळते.

२. सेल बदलताना सगळे एकदम बदला. एकाच कंपनीचे, एकाच जातीचे आणि एकाच वेळी घेतलेले घाला. साधा आणि अल्कलाइन एकत्र घालू नका.

३. इंजिन रखडू लागले, शिट्टी बसक्या आवाजात वाजू लागली, की सेल लगेच काढा. "अजून थोडं चालेल" म्हणत शेवटच्या थेंबापर्यंत पिळू नका. गळती बहुधा त्यातूनच होते.

४. सेल उन्हात ठेवणे, दाताने चावणे, जमिनीवर आपटणे या जुन्या सवयी सोडा. उष्णतेने सेल घटकाभर जागा झाल्यासारखा वाटतो, पण गळण्याचा धोका वाढतो. दाताने चावणे तर सरळ विषाशी खेळणे आहे.

५. पत्र्याची दुकाने आणि उन्हात तापणारी टपरी इथले जुने सेल घेऊ नका. सेलवर छापलेली तारीख पाहा. घरी कोरड्या, सावलीच्या जागी ठेवा. किल्ल्या आणि नाण्यांच्या डब्यात सुटे टाकू नका. धातूने दोन्ही टोके जोडली गेली तर सेल तापतो.

६. अधिक-उणे खूण पाहूनच सेल बसवा. मुलाला हे शिकवा आणि त्याच्याकडूनच करून घ्या, मात्र आपल्या देखरेखीखाली.

७. महिन्यातून एकदा इंजिन उलटे करून दांड्याला अडकलेले केस आणि दोरे चिमट्याने काढा. चाक हलके फिरले की सेलही जास्त टिकतो.

रोज खेळणारे मूल असेल तर चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचे सेल परवडतात. त्यांचा दाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असतो, तरी बहुतेक इंजिने त्यावर चालतात. सुरुवातीला चार्जरसह खर्च जास्त, पण एक सेल शेकडो वेळा भरता येतो. तेही पार रिकामे होईपर्यंत चालवू नयेत. साधे सेल मात्र चार्जरमध्ये कधीही लावू नका. काही लिथियम-आयन सेल दिसायला पेन्सिल सेलसारखे असतात आणि त्यांचा दाब ३.७ व्होल्ट असतो. ते खेळण्यात घालू नयेत.

गळलाच तर?

आबांनी आमचे इंजिन असे साफ केले. मुलांना बाजूला बसवले. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, खाली जुने वर्तमानपत्र. पूड फुंकायची नाही, नाहीतर डोळ्यात आणि नाकात जाते. चिकटलेला सेल लाकडी काडीने हळूच सोडवला. सुटी पूड जुन्या दातब्रशने कागदावर पाडली.

पांढरी पूड क्षाराची, म्हणून तिला उतारा आंबटाचा. कानकाडीचा कापूस व्हिनेगरमध्ये बुडवून पत्र्यावर फिरवला. घरात व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस चालतो. थोडा फेस आला, म्हणजे पूड विरघळू लागली. नंतर पाण्याने ओलसर केलेली काडी, मग कोरडी काडी. थेंब आत मोटारीत जाऊ द्यायचा नाही. शेवटी स्प्रिंग आणि पत्रा बारीक पॉलिश कागदाने चकचकीत केला आणि इंजिन दिवसभर उघडे वाळवले. साधा झिंक-कार्बनचा सेल गळला असेल तर ओलावा आंबट असतो. तिथे व्हिनेगर नको, पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा वापरावा. स्प्रिंग खाऊन तुटलीच असेल तर टाकून देऊ नका. खेळणी आणि रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर दुसरी बसवून देतो.

हाताला हा रस लागला तर वाहत्या पाण्याने भरपूर धुवा. डोळ्यात गेला तर पंधरा-वीस मिनिटे पाण्याने धुवून लगेच दवाखाना गाठा. तिथे लिंबू, सोडा असले घरगुती प्रयोग करू नका.

आयांनो, हे विसरू नका

आवाज करणाऱ्या काही छोट्या खेळण्यांत बटणाएवढे चपटे सेल असतात. लहान मूल ते गिळू शकते. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजते. मूल हसत-खेळत दिसले तरी वाट पाहू नका, उलटी काढायला लावू नका, अंगारे-धुपारे तर नकोतच. सरळ मोठ्या रुग्णालयात न्या. ज्या इंजिनाचे झाकण स्क्रूने बंद होत नाही किंवा हरवले आहे, ते लहानग्याच्या हाती देऊ नका. २०२१ पासून आपल्या देशात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आहे. ते पाहूनच खरेदी करा.

गळका सेल कुणाच्या हातात जातो?

इंजिन साफ झाले आणि ते दोन सेल मी कचऱ्याच्या पिशवीत टाकले. सकाळी घंटागाडीवरच्या मावशी आल्या. त्या आमच्याच वस्तीतल्या. पिशवीला हात लावण्याआधी त्यांनी विचारले, "ताई, यात काच, सेल काही नाही ना?" मी गप्प झाले. त्यांनी हात पुढे केला. मोजे फाटलेले, बोटांवर जुने डाग. "ओल्यात सेल गळतो. मग हात चुरचुरतो. सांगणार कुणाला?"

ते ऐकून आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी मनमाडची आठवण काढली. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील दलित कामगारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली होती. आपल्या माणसाला गँगमनच्या वर चढू दिले जात नाही, हा सवाल बाबासाहेबांनी तिथे उभा केला. आबा म्हणाले, "माझ्या बापाने ते भाषण ऐकलेल्यांकडून ऐकलं आणि मला सांगितलं. रुळावरचं जड काम आपल्याला, आणि आता कचऱ्यातलं विषही आपल्यालाच. निदान ते आपल्या घरातून तरी जाऊ नये."

खरे आहे. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यात आलेल्या कचरावेचकांत बहुतांश दलित समाजातल्या स्त्रिया होत्या. शहराचा कचरा कुणाच्या हातांनी वेगळा होतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. वापरलेल्या बॅटऱ्या हा घरगुती घातक कचरा आहे, असे २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितले. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी त्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. कागदावरचा नियम घरात आणणे आपल्या हाती आहे. आपले संपलेले सेल, टोकांना चिकटपट्टी लावून, झाकणाच्या प्लॅस्टिक बरणीत कोरडे ठेवा. बरणी भरली की ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात द्या, किंवा घंटागाडीवर "सेल आहेत" असे सांगून वेगळी द्या. चुलीत किंवा शेकोटीत कधीच टाकू नका, सेल फुटतो. आपल्या विहारात अशी एक मोठी बरणी ठेवली तर वस्तीचे काम होईल. महिला मंडळांनी हे मनावर घ्यावे. प्राणिमात्राला इजा करणार नाही, असे आपण पंचशीलात रोज म्हणतो. त्या वचनात सकाळी दारात येणाऱ्या मावशीचा हातही आला.

आमचे इंजिन आता पुन्हा धावते. पोरगा खेळ संपला की स्वतः झाकण उघडतो, सेल काढतो, डब्यात ठेवतो आणि आबांना मोठ्याने सांगतो, "आबा, इंजिन यार्डात लागलं. सेल बाहेर!" आबा हातातले वर्तमानपत्र हिरव्या झेंड्यासारखे हलवतात.

जय भीम!