घर मोजताना आपण काय मोजतो?

आरे कॉलनीतल्या एका पाड्यावर विद्यार्थ्यांना घेऊन घरांची पाहणी करायला गेलो होतो. छापील तक्त्यात पहिलाच प्रश्न होता : घर कच्चे की पक्के? एका म्हातारीने उलट विचारले, "पावसात गळत नाय बाबा, मग कच्चं कसं?" कुडाची भिंत, शेणामातीचे लिंपण, वर कौले. विद्यार्थ्याने 'कच्चे'वर खूण केली. मी त्याला अडवले नाही.

घराची गरज मोजण्याची सरकारी रीत समजून घेतल्याशिवाय या खुणेचा अर्थ कळत नाही. २०१२ साली केंद्राच्या तज्ज्ञ गटाने शहरी भागात सुमारे १ कोटी ८८ लाख घरांची टंचाई सांगितली. त्यात बेघर कुटुंबे फक्त ५.३ लाख. जवळजवळ १ कोटी ५० लाखांची टंचाई दाटीची होती. म्हणजे डोक्यावर छप्पर आहे, पण जोडप्याला स्वतंत्र खोली नाही. उरलेली मोडकळीस आलेली किंवा निकामी कच्ची घरे. आणि एकूण टंचाईपैकी सुमारे ९६ टक्के दुर्बल व अल्प उत्पन्न गटांच्या वाट्याची! तेव्हा टंचाई विटा-सिमेंटची नाही, ऐपतीची आहे.

खेड्यातली रीत निराळी. २०१६ पासूनच्या ग्रामीण आवास योजनेत २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेतून बेघर आणि कच्च्या भिंती-छपराच्या दोन खोल्यांपर्यंतची कुटुंबे निवडली, ग्रामसभेने यादी तपासायची आणि कुटुंबाने निदान २५ चौरस मीटरचे घर स्वतःच बांधायचे. या रीतीतही दोष आहेत. पण तिथे निदान गाव बोलते.

आरेचे दुखणे असे की जगणे खेड्याचे आणि हद्द मुंबई महापालिकेची. ग्रामपंचायत नाही, म्हणून ग्रामसभा नाही. १९४९ साली इथे दुग्धवसाहत उभी राहिली. शहरातले तबेले हलवून ३२ युनिटांत सुमारे १६,००० जनावरांची सोय झाली. म्हशीच्या दावणीला नंबर मिळाला. पण त्याआधीपासून राहणाऱ्या वारली, कोकणा, मल्हार कोळी, काथोडी यांच्या सत्तावीस पाड्यांची नोंद पुढे झोपडपट्टी म्हणून होऊ लागली.

झोपडपट्टी पुनर्वसनात गरज मोजत नाहीत, पुरावा मोजतात. १ जानेवारी २०००पूर्वीची झोपडी असेल तर मोफत घर, त्यानंतर २०११ पर्यंतची असेल तर पैसे भरून. घर ३०० चौरस फुटांचे. आदिवासी म्हणून हक्क मागावा तर १९५० पूर्वीचा वास्तव्याचा कागद लागतो. ज्याच्या बापजाद्यांना शाळाच नव्हती, त्याने दाखला कुठून आणावा?

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मी झोपडपट्टीत वाढलो. माझ्या आईला पक्की भिंत आणि घरातला नळ म्हणजे माणसात आल्यासारखे वाटे. आरेतच पाड्यांच्या शेजारी राहणाऱ्या कितीतरी दलित, मजूर कुटुंबांना तसेच वाटते, आणि ते बरोबर आहे. कुडाच्या भिंतीचे गोडवे गाणे ही पक्क्या घरात बसलेल्यांची चैन आहे. पण सर्वांची गरज एकाच चौकटीत बसवली की कुणाची तरी गरज पुसली जाते. मेट्रो कारशेडच्या कामात प्रजापूरपाड्यातली कुटुंबे इमारतीत गेली. त्यांच्या भिंती पक्क्या झाल्या. शेताचा तुकडा, झाडे आणि विकायची भाजी मात्र कुठल्या चौरस फुटांत धरली?

दुसऱ्या खेपेला आम्ही तक्ता बदलला. पाणी किती लांब? संडास कुणाचा? किती जोडपी, किती खोल्या? परसात काय पिकते, त्यातून किती महिने भागते? जमिनीचा कागद कुणाच्या नावे?

त्या म्हातारीच्या घरात दोन जोडपी, चार मुले, एक खोली आणि ओटी. तज्ज्ञ गटाच्या हिशेबाने ही दाटीच. तिला इमारत नको होती; पडवी बंद करून सुनेसाठी खोली काढायची होती. सामानही तिने जमवले होते. जमीन सरकारची म्हणून परवानगी नव्हती, आणि तक्त्यात परवानगीसाठी रकाना आम्हीही ठेवला नव्हता.