'प्लॅन पास आहे' म्हणजे नेमके काय? घर घेण्याआधी जाणून घ्या

डोंबिवली : 'काळजी करू नका, प्लॅन पास आहे.' ठाणे, कल्याण, डोंबिवलीत घर बघायला जाणाऱ्यांना हे वाक्य हमखास ऐकायला मिळते. पण कुठला प्लॅन? आणि पास कोणी केला? हा एकच शब्द वेगवेगळ्या कागदांसाठी वापरला जातो आणि गफलत तिथेच होते.

शब्द आला कुठून?

'प्लॅन'चे मूळ लॅटिन 'प्लानस' म्हणजे 'सपाट' या शब्दात आहे. इमारत वरून जशी दिसेल, तशी सपाट कागदावर काढलेली आकृती म्हणजे प्लॅन. 'रविवारचा प्लॅन काय?' यातला 'बेत' हा अर्थ नंतर आला. मराठीत कागदावरचा तो नकाशा किंवा आराखडा आणि मनातला तो बेत. बिल्डरच्या ऑफिसात मात्र दोन्ही 'प्लॅन'च!

तीन प्लॅन, तीन अर्थ

* डीपी : शहराचा विकास आराखडा. कुठे रस्ता, कुठे शाळा, कुठे बाग, हे यात ठरते. प्लॉटवर आरक्षण आहे का, ते इथे कळते.
* फ्लोअर प्लॅन : माहितीपत्रकातले सोफा-पलंगासह रंगीत चित्र. हा मंजुरीचा पुरावा नाही.
* मंजूर प्लॅन : महापालिकेने परवानगी दिलेला नकाशा. २०१६च्या रेरा कायद्यानुसार बुकिंगच्या वेळी तो ग्राहकाला उपलब्ध करून देणे बिल्डरला बंधनकारक आहे.

कागद खोटा असेल तर?

डोंबिवलीतील ६५ बेकायदा इमारतींच्या प्रकरणात महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवल्याचे उघड झाले. नोव्हेंबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारतींवर कारवाईचे आदेश दिले. कर्ज काढून घर घेतलेल्या कुटुंबांवर बेघर होण्याची वेळ आली.

म्हणून हे तपासा

* महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा मंजूर प्लॅन आणि बांधकाम परवानगी पाहा.
* केवळ नोंदणी क्रमांकावर विसंबू नका. परवानगी खरी आहे का, याची खातरजमा थेट महापालिकेच्या नगररचना विभागात करा.
* नकाशातले मजले आणि प्रत्यक्षातले मजले मोजून पाहा.
* तयार घर असेल, तर भोगवटा दाखला मागा. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे उभी राहिली का, हे पाहूनच तो दिला जातो.

त्यामुळे पुढच्या वेळी कोणी 'प्लॅन पास आहे' म्हणाले, तर एवढेच विचारा : परवानगी क्रमांक काय?