जुना संगणक नेमका कुठे अडतो?

आज जरा वेगळा विषय घेऊन आलो आहोत. आमच्या बचत गटाचा संगणक मध्यंतरी पार आडवा झाला होता. बारा-तेरा वर्षांचा जुना डबा, पण त्याच्या पोटात गटाच्या सगळ्या जणींचे कर्जाचे हप्ते, पाच वर्षांचा जमाखर्च आणि बँकेत द्यायचे कागद. सुरू केला की थोड्या वेळाने निळा पडदा यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. दुकानात नेला तर उत्तर मिळालं, "ताई, भंगारात द्या, नवा घ्या." नव्याला पैसे असते तर आम्ही हा कशाला सांभाळला असता?

आम्हाला वाटलं, आतली ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणकाचा घरकारभार पाहणारी मूळ प्रणाली, बिघडली असेल. ती होती विंडोज ७. तिच्या सुरक्षेची डागडुजी जानेवारी २०२० मध्येच थांबली. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते, ती एवढ्या जुन्या यंत्रात नसते. म्हणून लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली घ्यायची ठरली, तीही एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. तिला निदान २ जीबी रॅम लागते, ४ असली तर बरी. आमच्यात २-२ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या.

पहिल्याच पायरीला फसलो. इंटरनेटवरून उतरवलेली फाइल आम्ही गाणी भरतो तशी पेनड्राइव्हवर टाकली. संगणकाने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही! ही फाइल रूफससारख्या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर लिहावी लागते. त्यात पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका. मग संगणक सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप (कंपनीप्रमाणे बटण बदलतं) दाबून 'पेनड्राइव्हवरून सुरू हो' असं सांगायचं.

यंत्र सुरू झालं, पण काम पुरं होईना. एकदा भाषा निवडतानाच गोठलं, एकदा वेळ-ठिकाण विचारताना, एकदा तर नुसतं बसल्या बसल्या. तीनदा आम्ही तेच तेच केलं. चौथ्यांदा आमच्या सचिव म्हणाल्या, "अगं, दर वेळी कुठे थांबतंय ते लिहून तरी ठेवा." कर्जाची वही त्याच सांभाळतात, त्यामुळे लिहिल्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही. पण खरी वाट तिथेच सापडली.

दर वेळी एकाच जागी अडत असेल, तर संशय आधी पेनड्राइव्हवरच्या फाइलवर घ्यावा, नाहीतर हार्ड डिस्कवर. उतरवताना लाइट गेली, नेट तुटलं, तर फाइल अर्धवट राहते. ती पुन्हा उतरवून दुसऱ्या पेनड्राइव्हवर लिहावी. पण दर वेळी वेगळ्या जागी गोठत असेल, तर संशय रॅमवर, किंवा धुळीने बंद पडलेल्या पंख्यामुळे होणाऱ्या उष्णतेवर. आमचा पंखा ठणठणीत होता. मग मेमटेस्ट नावाचा मोफत प्रोग्राम पेनड्राइव्हवरून चालवला. तो रॅमचा कोपरा न् कोपरा तपासतो, त्याला काही तास लागतात. थोड्याच वेळात पडद्यावर लाल ओळींची रांग लागली.

वायर काढून, बटण थोडा वेळ दाबून धरून, आम्ही डबा उघडला. पट्ट्यांची सोनेरी टोकं खोडरबराने हलक्या हाताने पुसली. (कधी कधी एवढ्यावरही भागतं.) मग एकेक पट्टी वेगळी लावून तपासली. एक स्वच्छ निघाली, दुसरी खराब. म्हणजे विंडोजचा तो निळा पडदाही बहुधा हिचीच करणी!

आता सगळ्यात महत्त्वाचं. बसवताना 'डिस्क पुसून टाका' असा पर्याय येतो. तिथे 'हो' म्हटलं की पाच वर्षांचा हिशेब गेला. आमचं नशीब, त्या पडद्यापर्यंत आम्ही पोचलोच नव्हतो. लिनक्सचा पेनड्राइव्ह काही न बसवताही नुसता चालवून पाहता येतो. विंडोज उघडत नसलं तरी त्यातून जुनी डिस्क दिसते. आम्ही सगळ्या फाइली दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतल्या आणि भाचीच्या संगणकावर एकेक उघडून पाहिल्या. कॉपी झाली म्हणजे नीट झाली असं नसतं, आणि खराब रॅम असताना केलेली कॉपी तर मुळीच धरू नये.

तिथे आणखी एक गंमत झाली. आमची जुनी पत्रं 'शिवाजी' फॉन्टमध्ये टाइप केलेली, आणि भाचीच्या संगणकावर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायला लागली. अशा वेळी घाबरू नका. जुन्या विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरमधून तो फॉन्टही सोबत घ्या. तो नव्या प्रणालीत टाकला की अक्षरं जागेवर येतात.

एका पट्टीवर मिंट पहिल्याच फेरीत बसलं. तारीख मात्र दर वेळी मागे जायची, आणि तारीख चुकली की इंटरनेटची पानंही उघडायला कुरकुरतात. तो दोष मदरबोर्डवरच्या सीआर२०३२ या नाण्याएवढ्या सेलचा, तो बदलला. दोन जीबीवर यंत्र सावकाश चालतं, एका वेळी एकच काम देतो. जमाखर्च उघडला, हप्ते जुळले, बँकेचे कागद छापून झाले. दुसऱ्या पट्टीसाठी जुन्या सामानाच्या दुकानात सांगून ठेवलंय.