गणपतीआधीचा रंग आणि भिंतीतली ओल

पनवेल : गणपती येण्याआधी घराला रंग काढण्याची कोकणातली रीत पनवेलमधील अनेक घरांत आजही पाळली जाते. अडचण ऋतूची आहे. श्रावणात भिंतींमध्ये ओल मुरलेली असते. तिच्यावर ऑइलपेंट चढवल्यास ओलीची वाट बंद होते आणि दिवाळी येईतो रंगाचे पोपडे सुटू लागतात.

भिंतीची परीक्षा घरीच करता येते. प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवावा. 24 तासांनी आतल्या बाजूस थेंब दिसले, तर ओल भिंतीतली. बाहेरच्या बाजूस दिसले, तर हवेतली. लोणा आला असल्यास तो कोरड्या ब्रशने झाडावा. पाण्याने धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा भिंतीत मुरतात.

गळती गच्चीची की नळाची, हे न शोधता लांबी भरणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. सणासाठी थांबवतच नसेल, तर मखरामागच्या भिंतीला तूर्त चुना द्यावा. चुन्यातून ओल बाहेर पडू शकते. मात्र ऑइलपेंटवर चुना धरत नाही, तो आधी खरवडावा लागतो. पक्का रंग ऑक्टोबरच्या उन्हानंतरच काढावा. तोवर खरवडणीच्या पात्याला तेलाचा हात द्यावा. या हवेत ते लवकर गंजते.