आधी विशेषण पाहा, मग काळ

'आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर सिन्स टू डेज.' शाळेतल्या, कॉलेजातल्या, कचेरीतल्या रजेच्या अर्जांत हे वाक्य महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या लिहिलं जातंय. शिक्षक 'सिन्स' खोडून तिथे 'फॉर' लिहितात आणि नियम सांगतात: कालावधी असेल तर 'फॉर', सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स'. नियम खराच आहे. पण तो तोंडपाठ असलेली माणसंही 'आय ॲम इल फॉर टू डेज' लिहितात, 'ही हॅज डाइड फॉर टेन इयर्स' लिहितात आणि पाच वर्षांच्या मुलाला 'अ फाइव्ह-इयर्स-ओल्ड बॉय' म्हणतात. एखादी गोष्ट किती काळ चालली हे इंग्रजीत सांगताना सगळा गोंधळ 'फॉर' आणि 'सिन्स'मध्येच आहे, हा पहिला आणि सर्वांत मोठा गैरसमज. खरा निर्णय त्या वाक्यातलं विशेषण घेतं. ते कसल्या अवस्थेचं वर्णन करतं, यावर त्याला कोणता काळ जोडता येईल हे ठरतं.

चूक कुठून येते ते आधी पाहू. मराठीत 'सोमवारपासून' आणि 'तीन दिवसांपासून' दोन्हीकडे 'पासून' चालतं. एकीकडे सुरुवात, दुसरीकडे लांबी, तरी शब्दयोगी अव्यय एकच. शिवाय 'मी तीन दिवसांपासून आजारी आहे' यात क्रियापद साध्या वर्तमानकाळात बसतं. इंग्रजीत या दोन्ही जागी वेगळी वाट आहे. मागे सुरू होऊन आत्तापर्यंत टिकलेली अवस्था तिथे 'हॅव बीन'ने सांगतात: 'आय हॅव बीन इल फॉर थ्री डेज', 'आय हॅव बीन इल सिन्स मंडे'. म्हणून नुसतं 'सिन्स'चं 'फॉर' केल्याने वाक्य अर्धंच सुधारतं.

आता विशेषणाकडे येऊ. 'फॉर टेन इयर्स' कुठल्याही विशेषणाला लागतं, असं पुष्कळांना वाटतं. 'इल', 'अवेक', 'मॅरिड', 'क्लोज्ड', 'अँग्री' यांना ते सहज लागतं, कारण या अवस्था सुरू होतात आणि काही काळ टिकतात. पण 'शी हॅज बीन इंटेलिजंट फॉर टेन इयर्स' हे इंग्रजी माणसाच्या कानाला खटकतं. व्याकरणाचा नियम त्यात कुठेही मोडलेला नाही. अडचण अर्थाची आहे. बुद्धिमत्ता किंवा उंची हा त्या व्यक्तीचाच गुण मानला जातो, तात्पुरती अवस्था नव्हे, आणि अशा गुणाला कालावधीचं कुंपण घातलं की तो मध्येच कधीतरी उगवला असा अर्थ होतो. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ ग्रेग कार्लसन यांनी 1977 सालच्या आपल्या प्रबंधात हा फरक नीट मांडला. तेव्हापासून 'व्यक्तीचे गुण' आणि 'व्यक्तीच्या अवस्था' ही विभागणी अर्थविचारात पायाभूत मानली जाते. मराठीतही 'ती दहा वर्षांपासून हुशार आहे' असं आपण म्हणत नाही. म्हणजे ही जाण आपल्यात आधीच आहे, फक्त इंग्रजी लिहिताना ती वापरायची राहते.

याच विचारातून 'मृत्यू'चं कोडं सुटतं. 'डाय' ही घटना आहे, एका क्षणात पुरी होणारी. घटनेला 'दहा वर्षं' ही लांबी देता येत नाही, म्हणून 'ही हॅज डाइड फॉर टेन इयर्स' चूक. 'डेड' मात्र अवस्था आहे, म्हणून 'ही हॅज बीन डेड फॉर टेन इयर्स' निर्दोष. घटनाच सांगायची असेल तर 'ही डाइड टेन इयर्स अगो'. लग्नाचंही तसंच: 'वी गॉट मॅरिड टेन इयर्स अगो', पण 'वी हॅव बीन मॅरिड फॉर टेन इयर्स'. यातलं 'हॅव बीन' काढून 'वी वेअर मॅरिड फॉर टेन इयर्स' म्हटलं, तर ऐकणारा बहुधा समजेल की तो संसार आता उरलेला नाही. परदेशी स्थायिक होण्यासाठी कागदपत्रं भरणाऱ्या मराठी जोडप्यांनी हा एक फरक तरी जपून सांभाळावा, असं मला मनापासून वाटतं.

काही विशेषणांना 'फॉर'ची गरजच लागत नाही. काळ थेट त्यांच्या अंगाला चिकटतो. 'फाइव्ह इयर्स ओल्ड', 'टू अवर्स लाँग', 'टेन मिनिट्स लेट', 'सिक्स मंथ्स प्रेग्नंट'. पण 'थ्री डेज इल' किंवा 'फाइव्ह इयर्स अँग्री' असं होत नाही. वय, उशीर, गर्भारपण यांचं मोजमापच दिवस, महिने, वर्षांत होतं. आजार आणि राग आपण कमी-जास्त तीव्रतेने मोजतो, म्हणून त्यांचा काळ 'फॉर'च्या आधाराने स्वतंत्रपणे सांगावा लागतो.

इथे आणखी एक समज आडवा येतो: 'ओल्ड' म्हणजे म्हातारा, मग दोन वर्षांच्या बाळाला 'टू इयर्स ओल्ड' कसं म्हणायचं? मोजमापासोबत आलेला 'ओल्ड' म्हातारपण सांगत नाही, फक्त वयाची पट्टी दाखवतो. 'यंग' ती जागा घेऊ शकत नाही. आपणही 'चार फूट उंच' म्हणतो, 'चार फूट ठेंगणा' म्हणत नाही. तुलना आली की मात्र हे बंधन सुटतं: 'टू इयर्स ओल्डर' आणि 'टू इयर्स यंगर' दोन्ही चालतात.

आता त्या गाळलेल्या 'एस'कडे. 'द बॉय इज फाइव्ह इयर्स ओल्ड', पण 'अ फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय'. मुलं विचारतात, वर्षं पाच असताना एकवचन का? बहुतेकांना उत्तर मिळतं की इंग्रजी अशीच लहरी आहे. हे उत्तर मुलांना देऊ नये, कारण त्यामागचा इतिहास उपलब्ध आहे. जुन्या इंग्रजीत अशा ठिकाणी मोजमापाचं नाम अनेकवचनी षष्ठीत येई आणि त्या रूपाच्या शेवटी 'अ' हा स्वर असे. त्या काळी वय हिवाळ्यांत मोजत. बारा वर्षांच्या मुलाचं वय 'ट्वेल्फ विंट्रा' असं सांगत. पुढे शब्दांच्या शेवटचे स्वर आधी पुसट झाले, मग गळून पडले, आणि उरलेलं रूप एकवचनासारखंच दिसू लागलं. त्यामुळे आज 'टेन-फूट वॉल'मध्ये जे एकवचन दिसतं, ते मुळात झिजलेलं अनेकवचन आहे. पंधरवड्यासाठीचा 'फॉर्टनाइट' हा शब्दही चौदा रात्री या अर्थाच्या जुन्या शब्दांपासून आलाय आणि त्यातही 'एस' नाही. मराठीला ही घडण परकी नाही. इमारतीत मजले सात असले तरी ती 'सात मजली'च, आणि गाडीला चाकं चार असली तरी ती 'चारचाकी'.

पण म्हणून नामाच्या आधी 'एस' कधीच येत नाही, हा उलटा गैरसमजही नको. 'अ सेंच्युरीज-ओल्ड टेंपल', 'अ डिकेड्स-लाँग डिस्प्यूट' ही रूपं बरोबर आहेत. आकडा असेल तर अनेकपणाचं काम आकडा करतो. आकडा नसेल तर ते 'एस'लाच करावं लागतं, नाहीतर 'सेंच्युरी-ओल्ड' म्हणजे शंभर वर्षांचं असा अर्थ होईल. हायफन नामाच्या आधीच्या रूपाला लागतो, क्रियापदानंतर आलेल्या 'फाइव्ह इयर्स ओल्ड'ला नाही.

'सिन्स लाँग' हा आपल्याकडचा खास प्रयोग: 'आय ॲम वेटिंग सिन्स लाँग'. भारतात तो सर्वांना कळतो, पण प्रमाण इंग्रजीत 'लाँग' हा काही आरंभाचा क्षण नाही, म्हणून 'सिन्स'नंतर तो उभा राहत नाही. तिथे 'फॉर अ लाँग टाइम' म्हणावं. शब्द उलटे केले की मात्र 'लाँग सिन्स' हा जुना, शुद्ध प्रयोग मिळतो. त्याचा अर्थ 'केव्हाच'. एकटा 'लाँग' प्रश्नांत आणि नकारात अधिक रमतो: 'हॅव यू बीन हिअर लाँग?' साध्या होकारात तो एकटा टिकत नाही. 'टू लाँग' किंवा 'लाँग इनफ' असा सोबती लागतो, नाहीतर 'लाँग-अवेटेड'सारखा जोडशब्द करावा लागतो.

'इन इयर्स' आणि 'फॉर इयर्स' एकच मानणंही महागात पडतं. 'आय हॅव बीन हॅपी फॉर इयर्स' चालतं, 'आय हॅव बीन हॅपी इन इयर्स' नाही. या अर्थाच्या 'इन इयर्स'ला नकार तरी लागतो, नाहीतर 'हॉटेस्ट', 'वर्स्ट', 'फर्स्ट' असा टोकाचा शब्द. म्हणूनच उन्हाळ्याच्या बातम्यांत 'द हॉटेस्ट डे इन इयर्स' असं वाचायला मिळतं.

आणि 'लाइफलाँग' नामाच्या आधीच येतो: 'अ लाइफलाँग फ्रेंड' बरोबर, 'अवर फ्रेंडशिप इज लाइफलाँग' मात्र अवघडलेलं. असे बारकावे साध्या इंग्रजी-मराठी शब्दकोशात सहसा मिळत नाहीत. शिकणाऱ्यांसाठीच्या कोशात मिळतात. ए. एस. हॉर्नबी यांनी सुरू केलेल्या ऑक्सफर्डच्या अशा कोशात शब्दाच्या अर्थाआधी छोट्या अक्षरांत सूचना असते: 'फक्त नामापूर्वी' किंवा 'नामापूर्वी नाही'. विशेषण वापरण्याआधी आपली मुलं ती सूचना ओलांडून थेट अर्थाकडे जातात. तिथे त्यांना थांबायला शिकवलं, तर रजेच्या अर्जातल्या चुका शिक्षकाच्या लाल शाईपर्यंत पोहोचायच्या आत सुधारतील.