किल्ली कोणाकडे?

परवा काही कामानिमित्त आमच्या जुन्या शाळेत जाण्याचा योग आला. शाळा सोडल्याला चार दशके लोटली. चिऱ्याच्या भिंती तशाच उभ्या आहेत. मंगळुरी कौलांच्या जागी मात्र काँक्रीटचे छप्पर आले आहे. काम आटोपल्यावर आम्ही ग्रंथालय पाहण्याची इच्छा व्यक्त केली. मुख्याध्यापिकाबाईंनी आनंदाने होकार दिला आणि शिपायाला हाक मारली. पण किल्ली कोणाकडे, याचा उलगडा व्हायला अर्धा तास लागला.

दार उघडले तेव्हा मोडकी बाके आणि विज्ञान-प्रदर्शनाचे जुने तक्ते यांच्यामागे फणसाच्या लाकडाची ती चार कपाटे दिसली. एका कपाटाचा तळ वाळवीने पोखरला होता. उरलेल्यांत ओल आणि कसर यांनी आपापला वाटा उचलला होता. तरीही आपटे, साने गुरुजी, लक्ष्मणराव सरदेसाई, बाकीबाब बोरकर हे सारे तेथे होते. 'उषःकाल' हाती घेतले आणि पाने फुगलेली पाहून ओळख पटली. एका पावसाळ्यात होडीतून घरी जाताना ते आमच्याच हातून भिजले होते. ग्रंथालय सांभाळणाऱ्या गुरुजींनी दंड केला नाही. दोन दिवस आपल्या शेजारी बसवून एकेक पान सोडवून वाळवायला लावले आणि मग म्हणाले, "आता वाचून संपव." पुस्तक कसे जपावे आणि माणूस कसा घडवावा, हे दोन्ही धडे आम्हांस एकाच वेळी मिळाले. त्याच पुस्तकाच्या देवघेवीच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का २००४ सालचा होता.

ही कपाटे कोणी भरली, याचे स्मरण या ठिकाणी अस्थानी होणार नाही. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर गोव्यातील हिंदूंना समान नागरी हक्कांचा श्वास घेता आला आणि गावोगावी मराठी शाळा व वाचनालये उभी राहू लागली. त्याआधीच, १९०८ साली, पणजीत मुष्टिफंड संस्था निघाली होती. मूठमूठ देऊन विद्या उभी करण्याची कल्पना तिच्या नावातच आहे. पुढे सालाझारच्या राजवटीत छापील अक्षर परीक्षकाच्या नजरेखालून जाऊ लागले. १९५५ नंतर सीमेवरील ये-जा खुंटल्यावर तर मुंबई-पुण्याचे पुस्तक येथवर पोहोचणे अधिकच दुष्कर झाले. ज्या पिढीने अशा दिवसांत मराठी पुस्तक जपले, तिच्या वारसांनी ते मुक्तीनंतर कुलपात ठेवावे, यापरता दैवदुर्विलास तो कोणता?

मुले आता वाचत नाहीत, त्यांच्या हाती मोबाईल आला, असे आपण सर्रास म्हणतो. ते अगदीच खोटे नाही. पण आम्ही कपाटापाशी उभे असताना सातवीतील एक मुलगी दारातून डोकावली आणि तिने बाईंना विचारले, "ही पुस्तके आम्हांलाही मिळतात?" तीन वर्षे ती त्या बंद दारावरून ये-जा करीत होती. न वाचण्याचा दोष तिच्या माथी कोणत्या तोंडाने मारावा?

कायद्यांची वाण नाही. गोव्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९९३ साली झाला. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वृत्तपत्रे, मासिके आणि गोष्टींची पुस्तके असावीत, असे सांगितले. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा यांच्या नावाचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय दिमाखात उभे आहे. परंतु खेड्यातील मुलाला पहिले पुस्तक पाटोवर मिळत नाही. ते त्याच्या वर्गापासून वीस पावलांवर मिळावे लागते, आणि ते हाती देणारा माणूस तेथे असावा लागतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक शाळेच्या वेळापत्रकात आठवड्याचा एक तास ग्रंथालयाचा असावा आणि तो गणिताने वा स्नेहसंमेलनाच्या तालमींनी गिळू नये. पुस्तकांची जबाबदारी एका माणसावर असावी आणि त्याच्या गळ्यात इतर दहा कामे बांधू नयेत. पुस्तक हरवले तर भरपाई आपल्याच खिशातून जाईल, या धास्तीनेच पुष्कळ कपाटे बंद राहतात. वाचताना हरवलेले आणि फाटलेले पुस्तक खर्ची टाकण्याची मुभा त्या माणसाला द्यावी. वाळवीने खाल्लेल्या पुस्तकाचा जाब कोणी विचारीत नाही. मग मुलाने वाचून फाडलेल्याचाच तेवढा का विचारावा?

दोष केवळ शाळेचा नाही. आम्ही माजी विद्यार्थ्यांनी रंगमंचासाठी वर्गणी दिली, प्रवेशद्वारावर नावे कोरून घेतली. कपाटांकडे मात्र एकानेही वळून पाहिले नाही. त्या एकांत आम्हीही आलो. शनिवारची एक सकाळ त्या खोलीत बसून पुस्तके देण्या-घेण्याचे आम्ही बाईंजवळ कबूल करून आलो आहोत. निघताना शिपाई सवयीने कुलूप लावू लागला, तेव्हा बाईंनी किल्ली त्याच्याकडून मागून घेतली आणि आपल्या मेजावर, सर्वांना दिसेल अशी ठेवली. आरंभ म्हणून एवढेही थोडे नाही.